हाय-हॅटचा स्टँड कसा निवडायचा?

मंडळी, ड्रम घेताना आपण सगळे पैसे सिंबलवर घालतो आणि स्टँड मात्र दुकानदार देईल तो उचलतो. इथंच आपलं चुकतं. हाय-हॅट निम्मी पायानं वाजते, आणि पायाला भेटतो तो स्टँडच.

१९२० च्या दशकात ही जोडी जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच असायची, फक्त पायानं वाजायची. तिला ‘लो-बॉय’ म्हणत. पुढे नळी उंच झाली आणि ती काठीच्याही टप्प्यात आली. रचना साधी आहे बघा: खालचं सिंबल बैठकीवर, वरचं क्लचनं सळईला पकडलेलं. पेडल दाबलं की सळई खाली ओढली जाते. पाय उचलला की स्प्रिंग तिला वर ढकलते.

मग बघायचं काय? एक, स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो का. वरचं सिंबल जड असेल तर ताण जास्त हवा, नाहीतर ते उघडायला आळस करतं. दुसरं, बैठकीखालचा स्क्रू. दोन्ही सिंबल अगदी सपाट मिटली की मध्ये हवा कोंडते आणि ‘चिक’ दबतो. खालचं जरा तिरकं केलं की आवाज मोकळा होतो. तिसरं, डबल पेडल वापरणार असू तर स्टँडचे पाय फिरणारे हवेत. शेजारी जागा होते.

दुकानात स्टुलावर बसून पाच मिनिटं तरी वाजवून बघू या. पोटरी भरून आली, तर आधी ताण बदलून पाहायचा. तरीही भरली, तर तो स्टँड आपला नव्हे. आणि घरी जुना असेल, तर नव्यावर पैसे घालण्याआधी त्याचा स्क्रू एकदा फिरवून बघू.