अर्धी ड्युटी, अर्धा पगार... आणि बाकीचे?

घरात दुसरे मूल आले, सासूबाईंचे गुडघे धरले किंवा मुलाची दहावी तोंडावर आली, की सगळ्यांच्या नजरा नर्स असलेल्या सुनेकडे वळतात. "अगं, आता अर्धा दिवसच जा की. घरही सांभाळलं जाईल आणि चार पैसेही येतील." बोलणारा प्रेमानेच बोलतो. पण आमच्या कितीतरी घरांत मुलीच्या एएनएम-जीएनएमच्या कोर्ससाठी बापाने फंडातून पैसे उचललेले असतात, आईने डोरले गहाण ठेवलेले असते. अशा कष्टाने मिळवलेली नोकरी अर्धी करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी, नवरोबांसकट, कागद-पेन्सिल घेऊन बसावे असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे अर्धवेळ काम म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. सरकारी रुग्णालयातल्या कायम नर्सला अर्धी ड्युटी नसतेच. तिथे सकाळपाळी, दुपारपाळी आणि रात्रपाळी. मात्र राज्य सरकारने २०१८ साली महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आहे. मूल लहान म्हणून राजीनाम्याचा विचार करणाऱ्या भगिनींनी आधी या रजेचा अर्ज करावा. कायम नोकरी एकदा सुटली की पुन्हा मिळत नाही.

खासगी नर्सिंग होममध्ये अर्धी ड्युटी मिळते. कागदावर चार तास. पण पुढची सिस्टर यायला उशीर झाला, ओव्हर द्यायचे राहिले, सलाईन संपत आले, तर रुग्णाला तसेच टाकून कोण निघणार? चाराचे सहा तास होतात आणि पगार चाराचाच राहतो. शिवाय कल्याणहून दादरला जाणाऱ्या बाईचा लोकलचा पास काही अर्धा होत नाही, प्रवासाचे तासही नाहीत. घरी आल्यावर स्वयंपाक, धुणे, मुलांचा अभ्यास आहेच. त्या कामाला मात्र कुणी अर्धवेळ म्हणत नाही!

दुसरा मार्ग ब्युरोचा. रुग्णाच्या घरी बारा तास नाहीतर चोवीस तास राहायचे, पैसे रोजावर. आमच्या वस्त्यांतून रोज सकाळी किती बाया या ड्युटीला जातात, ते स्टेशनवर उभे राहून पाहावे. त्यात शिकलेल्या सिस्टर असतात आणि कामातूनच शिकलेल्या मावश्याही. वरवर पाहता हे सोयीचे वाटते, हवे तेव्हा काम घ्या, नको तेव्हा थांबा. पण रुग्ण बरा झाला किंवा दगावला की रोज बंद. आजारपणाची रजा नाही, फंड नाही आणि ब्युरोचे कमिशन कापले जाते ते वेगळेच. वीस वर्षे असे काम केलेल्या बाईकडे नोकरीचा एकही कागद नसतो.

आणि तिसऱ्या प्रकाराबद्दल आम्हाला जरा स्पष्टच बोलायचे आहे. गावच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिकेच्या मदतीला 'अंशकालीन स्त्री परिचर' असते. उपकेंद्र उघडायचे, झाडलोट करायची, लसीकरणाच्या दिवशी धावपळ करायची, बाळंतपणाला मदत करायची. नाव अंशकालीन, पण बाळंतपण काही घड्याळ पाहून येत नाही. तिला पगार नाही, तुटपुंजे मानधन मिळते. कामाला अर्धे म्हटले की दाम अर्ध्याहून कमी करायला मोकळीक मिळते, हे या बायांकडे पाहून कळते.

आता आकडे पाहू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते निराळे. त्याच कामासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटावर २०,००० रुपयांच्या जाहिराती निघाल्या. पाळी तीच, इंजेक्शन तेच, जबाबदारीही तीच! समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कामगारांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सांगितले आहे. कंत्राटी भरतीविरुद्ध जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, त्याचे कारण यावरून समजावे.

खासगी रुग्णालयांसाठीही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने २०१६ मध्येच शिफारस केली: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० ते २०० खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही किमान २०,००० रुपये. अर्ध्या ड्युटीचा पगार ठरवताना या रकमेचा निम्मा भाग धरून बोलणी करता येतात. मालकाने तोंडी सांगितलेला आकडा आपण गुपचूप का स्वीकारावा?

पगारापलीकडचे हिशेब आणखी महत्त्वाचे आहेत. जिथे दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. २०१७ साली त्याची पगारमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १०,००० रुपये पगारावर तुमचे ७५ रुपये आणि मालकाचे ३२५. त्यात घरच्यांचेही औषधपाणी होते. "पार्ट टाइमवाल्यांना ईएसआय नसते," असे सांगणाऱ्या मालकावर विश्वास ठेवू नका, अर्धवेळ कामगारही त्यात येतो. प्रॉव्हिडंट फंड वीस माणसांपासून लागू होतो, तिथेही अर्धवेळ कामगाराला वगळलेले नाही.

बाळंतपणाच्या रजेचेही तसेच. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. अट एवढीच, की आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले हवे. वर्षभर एक दिवसाआड जाणारीचेही त्याहून कितीतरी जास्त दिवस भरतात. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला होता. हा लाभ 'नको' असे लिहून देणारीने हे आठवावे.

ग्रॅच्युइटीत मात्र मोठी खोच आहे. ती शेवटच्या पगारावर मोजतात, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. समजा एका सिस्टरने १८,००० रुपयांवर चौदा वर्षे पूर्ण वेळ काढला, तर तिची रक्कम सुमारे १,४५,००० होते. शेवटी शेवटी ती अर्ध्या ड्युटीवर, ९,००० रुपयांवर आली आणि तशीच बाहेर पडली, तर सगळी वर्षे त्या अर्ध्या पगाराने मोजली जाऊन ७२-७३ हजारच हाती पडण्याचा धोका आहे. म्हणून अर्धी ड्युटी घेण्याआधी मागच्या वर्षांचा हिशेब मालकाकडून लेखी घ्यावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. मात्र त्यासाठी नेमणुकीचा कागद हवा.

अर्धवेळ काम मुळात वाईट नाही. ब्रिटनमध्ये २००० सालच्या नियमाने अर्धवेळ नर्सला तासाचा दर पूर्णवेळ नर्सइतकाच मिळतो, रजा आणि पेन्शनही त्याच प्रमाणात. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, तेव्हा जे काही आहे ते कागदावर आणून घेणे आपल्याच हाती.

कामावर रुजू होताना नेमणूकपत्र मागा. त्यात तास लिहिलेले असावेत, जादा थांबल्यास दर काय तेही असावे. महिन्याला पगाराची स्लिप घ्या, ईएसआयचा नंबर आणि फंडाचा यूएएन नंबर वहीत लिहून ठेवा. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, मूळ प्रमाणपत्रे मात्र मालकाच्या कपाटात ठेवू देऊ नका, झेरॉक्स द्या. ब्युरोतून जाणाऱ्या भगिनींनी निदान तारीख, तास आणि मिळालेला रोज यांची वही घालावी व महिनाअखेरीस ब्युरोची सही मागावी.