ट्रॉलीबस गेली, साधी बस टिकली : वाहनधंद्यासाठी एक धडा

पेण-रोह्याकडील ज्या घरांतली माणसे पूर्वी मुंबईच्या गोदीत कामाला होती, तेथील वडीलधाऱ्यांना ट्रॉलीबस आठवत असेल. बेस्टने ही गाडी ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर सुरू केली आणि २४ मार्च १९७१ रोजी बंद केली. ती नऊ वर्षेही का टिकली नाही, हे व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

ट्रॉलीबस विजेवर चाले. ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जातो; रबरी टायरच्या गाडीला ती सोय नाही. म्हणून डोक्यावर दोन तारा आणि छतावर दोन दांडे लागत. धूर नाही, आवाज कमी, हे तिचे गुण खरेच. पण रस्ता खोदला गेला तर तिला दुसऱ्या गल्लीतून नेता येत नसे. दांडा तारेवरून सुटला की गाडी जागीच उभी. एवढ्या एका मार्गासाठी तारा, वेगळे सुटे भाग आणि वेगळे कारागीर सांभाळावे लागत. साधी मोटारबस मात्र आज या मार्गावर, उद्या त्या मार्गावर. एकीचा भाग दुसरीला चाले.

आपली एस.टी. याच तत्त्वावर वाढली. टाटा व लेलँड या मोजक्या कंपन्यांच्या चासी घ्यायच्या आणि दापोडी, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथील स्वतःच्या कार्यशाळांत ठरावीक नमुन्याची बॉडी बांधायची. त्यामुळे पेण आगाराचा मेकॅनिक रोहा आगाराची गाडीही सहज दुरुस्त करू शकतो.

आता आपल्या धंद्याकडे पाहू. आखातातून परतलेला बांधव कमाईतून एक मिनीडोर घेतो, मग भाऊ दुसऱ्या कंपनीचा टेम्पो घेतो, पुढे तिसरीच गाडी येते. तिन्हींचे फिल्टर, क्लचप्लेट वेगळे, मेकॅनिकही वेगळे. एका भागासाठी मुंबईला माणूस पाठवावा लागला, तर गाडीचे तेवढे दिवस बुडतात. व्याजापासून दूर राहून रोखीने गाडी घेणाऱ्याला अशी चूक परवडत नाही. त्याची सारी पुंजी त्या चाकांवर असते.

तेव्हा गाडी घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. सुटे भाग पेण किंवा रोह्यात मिळतात का? दुरुस्ती करणारा जवळ आहे का? हे भाडे बंद झाले तर गाडी दुसऱ्या कामाला लागेल का?

१ जून २०२२ रोजी एस.टी.ची 'शिवाई' ही विजेची बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तिची बॅटरी सोबतच असते, तारांचे बंधन नाही. तरी चार्जिंगची सोय जिथे, तिथेच तिचा धंदा. विजेचा टेम्पो घेणाऱ्यांनीही हे तीन प्रश्न आधी विचारावेत. नवी वस्तू वाईट नसते. पण तिला सांभाळणारी व्यवस्था आपल्या गावात नसेल, तर नुकसान आपल्याच घराचे होते.