गेम सुरू केला की संगणक बंद!

बारावीची परीक्षा संपते. वर्षभर साठवलेले पैसे, आजोबांनी घातलेली भर आणि बाबांचा थोडासा विरोध यांतून घरात एकदाचा गेम खेळण्याजोगा संगणक येतो. दोन-चार महिने सारे सुरळीत चालते. मग एक दिवस खेळ ऐन रंगात आला असताना पडदा काळा होतो आणि संगणक आपोआप बंद पडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘रात्रंदिवस गेम खेळल्यावर दुसरे काय होणार?’ असे बाबा म्हणतात. ‘ग्राफिक्स कार्ड गेले,’ असे मुलाचे निदान असते. दुकानदारही मान डोलावतो आणि नव्या कार्डाची किंमत सांगतो. तीस-चाळीस हजारांचा आकडा ऐकून घरात शांतता पसरते.

पण एवढा खर्च करूनही संगणक बंद पडतच राहिला तर? असे घडू शकते, कारण अशा वेळी दोष शोधण्याऐवजी भाग बदलण्याकडेच आपला कल असतो. सर्वांत महाग भाग आधी बदलला जातो आणि खरा दोष एखाद्या स्वस्त वस्तूत दडून राहतो. थोडी चिकाटी आणि एक वही एवढ्या भांडवलावर यातील बरीचशी तपासणी घरीच करता येते.

गेम गुन्हेगार नव्हे, परीक्षक

पत्र लिहिताना किंवा चित्रपट पाहताना संगणकाला फारसे श्रम पडत नाहीत. गेम सुरू होताच मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि वीजपुरवठा करणारा एसएमपीएस या साऱ्यांवर एकाच वेळी ताण येतो. सपाट रस्त्यावर न जाणवणारा स्कूटरचा दोष घाटात उघडा पडतो, तसेच हे आहे.

याचा एक बोलका अनुभव ‘गिल्ड वॉर्स’ या २००५ साली आलेल्या अमेरिकन खेळाच्या निर्मात्यांना आला. खेळ मध्येच बंद पडतो अशा तक्रारी येत. पण काही तक्रारींचे कारण प्रोग्रॅममध्ये सापडेना. तेव्हा त्यांनी खेळातच एक छोटी चाचणी बसवली. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते खेळणाऱ्याचा संगणक सेकंदाला ३० ते ५० वेळा सोडवी आणि उत्तरे ताडून पाही. धडधाकट संगणकाचे उत्तर कधीच चुकू नये. पण शंभरातील सुमारे एका संगणकाचे उत्तर चुकत होते! कारणे होती ती गरजेपेक्षा जास्त वेगाने चालवलेला प्रोसेसर, रॅमची चुकीची मांडणी, अपुरा वीजपुरवठा, उष्णता आणि धूळ. यातील बहुतेक कारणे किरकोळ खर्चात दूर होणारी आहेत.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांची पाहणी करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्रातील दोषामुळे एकदा बंद पडलेला संगणक पुन्हा बंद पडण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, असे त्यांना आढळले. म्हणून ‘एखाद्या वेळी होतेच’ असे म्हणून दुर्लक्ष करणे बरे नव्हे.

आधी वही, मग पेचकस

पहिले काम म्हणजे अभ्यासाच्या फाइली, कुटुंबाची छायाचित्रे आणि महत्त्वाची कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे. वारंवार अचानक बंद पडणाऱ्या संगणकात माहिती खराब होण्याचा धोका असतो. कार्ड पुन्हा विकत मिळते, ताईच्या लग्नाचे फोटो मिळत नाहीत.

त्यानंतर चार-पाच दिवस नोंदी ठेवाव्यात. संगणक किती वाजता बंद पडला, खेळ सुरू होऊन किती वेळ झाला होता, खोलीत उकाडा होता का, त्याच वेळी घरात पंप किंवा फ्रिज सुरू झाला का? तो कसा बंद पडला, हेही लिहावे. क्षणात सारे अंधारले तर संशय वीज किंवा उष्णतेवर जातो. निळा पडदा आला तर त्यावरील संदेश टिपून घ्यावा. पडदा काळा होऊन पंखे जोरात फिरू लागले तर ग्राफिक्स कार्डाकडे पाहावे. फक्त गेमच बंद होऊन संगणक चालू राहिला तर रॅम, ड्रायव्हर किंवा तो गेमच सदोष असू शकतो.

विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ अशा घटनांचा तारीखवार हिशेब ठेवतो. त्यासोबत ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की पुष्कळजण लगेच नवा एसएमपीएस आणायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तो का बंद झाला, हे ती सांगत नाही.

रायपूरचा उन्हाळा आणि कूलरची हवा

छत्तीसगडच्या राजधानीतील पुरानी बस्ती हा रायपूरचा जुना भाग. महामाया मंदिर याच वस्तीतले. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहराशी मराठी माणसाचा संबंध आहे आणि आजही येथे अनेक मराठी कुटुंबे नांदत आहेत. अशा जुन्या वस्तीतल्या घरात नवा, शक्तिशाली संगणक ठेवायचा तर उष्णता, धूळ आणि वीज या तीन गोष्टींचा विचार करावाच लागतो. विदर्भातील वाचकांनाही हे आपल्याच घरचे वर्णन वाटेल.

मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की संगणकाच्या आतले भागही साधारण तेवढ्याच अंशांनी अधिक तापतात. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत पोहोचला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही ताप आवरला नाही तर संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. म्हणून जानेवारीत न होणारी आणि मे महिन्याच्या दुपारी हटकून होणारी तक्रार असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅमवर तापमान दिसते. गेम चालू असताना ते पाहावे. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून, समोर टेबलपंखा लावून अर्धा तास खेळून पाहावे. तक्रार थांबली तर निदान फुकटात झाले!

रायपूरजवळच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांतून येणारी काळी धूळ ही शहराची जुनी तक्रार आहे. घरातली कोणतीही धूळ पंख्यांच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरील धातूच्या पट्ट्यांमध्ये साचली की हवा खेळत नाही. त्यात आपल्याकडे पाण्याच्या कूलरचा झोत बरोबर संगणकावर सोडण्याची पद्धत! दमट हवेने धूळ आत चिकटून बसते. कूलर माणसांसाठी असावा, कॅबिनेट त्याच्या थेट झोतापासून दूर आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे.

सफाई करताना वीज पूर्ण तोडावी, ब्लोअरने हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा आणि ओले फडके वापरू नये. संगणक तीन-चार वर्षांचा असेल तर प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट वाळलेला असू शकतो. तो जाणकाराकडून बदलून घ्यावा.

छोट्या यूपीएसवर मोठा भार

घरोघरी संगणकासोबत ६०० व्हीएचा यूपीएस असतो. हा आकडा वॅटचा नव्हे. असा यूपीएस साधारणपणे ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो. अभ्यास चालू असताना संगणक शंभरेक वॅट घेतो, तेव्हा काहीच अडचण येत नाही. गेम सुरू झाला की तोच संगणक मॉनिटरसह ४०० वॅटच्याही पुढे जाऊ शकतो. यूपीएस किंचाळतो आणि सारे बंद! ‘गेम लावला की बंद पडते’ हे बाबांचे निरीक्षण अगदी बरोबर असते, पण अपराधी गेम नसून यूपीएस असतो. वीज स्थिर असताना अर्धा तास संगणक थेट भिंतीवरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला जोडून पाहिले की हे कळते.

दुसरा संशयित एसएमपीएस. त्यावर छापलेला वॅटचा आकडा आणि त्याची खरी ताकद यांत, विशेषतः स्वस्त मालात, अंतर असू शकते. आधुनिक ग्राफिक्स कार्डे क्षणार्धासाठी आपल्या नेहमीच्या गरजेपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात आणि तो झटका कमकुवत एसएमपीएसला सोसत नाही. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ या मोफत प्रोग्रॅमने कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणून पाहावी. तक्रार थांबली तर संशय एसएमपीएस किंवा कार्ड या दोघांपुरता उरतो. मग एखाद्या मित्राचा चांगला एसएमपीएस एका संध्याकाळपुरता जोडून पाहावा. मात्र त्यासोबतच्याच केबली वापराव्यात, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबलींची जोडणी सारखी नसते.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर घराचे अर्थिंग नाही, असे समजावे. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवण्याची युक्ती सर्रास चालते. ती बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. हा प्रश्न संगणकाचा नाही, घरातल्या माणसांच्या जिवाचा आहे. एसएमपीएस तर कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत जीवघेणा विद्युतभार काही काळ राहतो.

रॅम, प्रोसेसर आणि शेवटी कार्ड

रॅमची तपासणी ‘मेमटेस्ट ८६’ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवून करता येते. यात एकही चूक दिसली तर ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. प्रथम बायोसमधील ‘एक्सएमपी’ हा वाढीव वेग बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. मग रॅमच्या पट्ट्या काढून नीट बसवाव्यात आणि एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासावी.

प्रोसेसर सहसा बिघडत नाही, असा समज होता. त्याला २०२४ साली धक्का बसला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी अनेक संगणकांवर गेम बंद पडत. पडद्यावर संदेश येई, ‘ग्राफिक्सची मेमरी अपुरी आहे.’ वास्तविक मेमरी भरपूर असे. बिचाऱ्या कार्डावर ठपका येई आणि दोष असे प्रोसेसरचा! तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारणा दिली आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही सुधारणा बायोस अद्ययावत करून मिळते. मात्र झालेली झीज त्याने भरून निघत नाही, अशा वेळी प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. बायोस बदलताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, हेही ध्यानात असावे. त्या कामापुरता घरचा छोटा यूपीएस उत्तम!

एवढे झाल्यावरच ग्राफिक्स कार्डाकडे वळावे. ते काढून नीट बसवावे, ड्रायव्हर पुसून नव्याने टाकावा आणि शक्य असल्यास तेच कार्ड मित्राच्या संगणकात लावून पाहावे. तेथेही ते बंद पडले तर मात्र कार्डच दोषी.

या साऱ्या खटाटोपात एक नियम पाळावा : एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुधारला, तर कशाने सुधारला हे कधीच कळत नाही.

दुकानात जाताना

वही सोबत न्यावी. कोणती चाचणी केली आणि तीत काय आढळले, हे दुकानदाराला विचारावे. ‘कार्ड गेले’ एवढ्यावर समाधान मानू नये. भागांची बिले जपून ठेवावीत, कारण प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. बदललेला जुना भाग परत मागावा. वॉरंटी असूनही दाद मिळत नसेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे.

ही तपासणी मुलाने एकट्याने करण्यापेक्षा बाबांनीही शेजारी बसावे. नोंदी मुलाने घ्याव्यात, विजेचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे. ‘तुझ्या गेममुळेच’ आणि ‘तुम्हाला काही कळत नाही’ हा वाद मग आपोआप मिटतो, कारण उत्तर वहीत लिहिलेले असते. तीस हजार वाचले तर उत्तमच. आणि कार्ड खरोखर बदलावे लागले, तरी ते पैसे योग्य जागी खर्च झाल्याची खात्री तरी राहील.