संगणकाच्या पोटात – भाग ९ : एका पानाची ओढाताण

मागच्या आठवड्यात आपण प्रत्येक कोअरजवळची छोटी, चपळ स्मृती पाहिली, म्हणजे कॅश. आज तिच्यामुळेच उभी राहणारी एक अडचण. इथे छत्रपती संभाजीनगरमध्ये प्रोग्रामिंग शिकवताना ती मला दरवर्षी नव्याने भेटते.

एका मोठ्या फाइलमधले शब्द मोजायचे असतात. मुलं फाइलचे आठ भाग करतात, आठ कोअरना वाटतात आणि प्रत्येकाला मोजणीसाठी स्वतःचा आकडा देतात. दुसऱ्याच्या आकड्याला कुणी हात लावत नाही, त्यामुळे लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच लिहू देणाऱ्या कुलपाची, गरज नाही. उत्तर अचूक येतं. पण वेग आठपट सोडाच, कधी कधी एकट्या कोअरपेक्षाही जास्त वेळ लागतो. चूक शोधून सापडत नाही, कारण प्रोग्रामच्या तर्कात ती नसतेच.

ती असते आकडे ठेवण्याच्या जागेत. कॅश एकेक आकडा आणत नाही. बहुतेक प्रोसेसरांत ती ६४ बाइटची अख्खी ओळ उचलते. आठ बाइटचे आठ आकडे शेजारी ठेवले, की ते सहज एकाच ओळीत बसतात. हजेरीपटाचं एकच पान आठ जणांत फिरवावं, तसं हे आहे. लिहायचं फक्त आपापल्या नावापुढे, पण एकाने लिहिलं की बाकीच्यांच्या हातातल्या प्रती रद्द. पुढच्याला आधी पान मिळवावं लागतं, मग लिहिता येतं. शब्द मोजण्यापेक्षा पानाच्या फेऱ्यांतच वेळ जातो. याला ‘फॉल्स शेअरिंग’ म्हणतात.

आकड्यांमध्ये मोकळी जागा सोडली की ओढाताण थांबते. पण किती सोडायची? ॲपलच्या एम-१ चिपमध्ये ओळ १२८ बाइटची आहे. ६४चा हिशेब तिथे चुकतो. म्हणून मी मुलांना सांगतो, मोजणी कोअरच्या खासगी चलात करा आणि काम संपल्यावर एकदाच बेरजेत टाका. लिनक्सच्या गाभ्यातही कितीतरी मोजण्या अशाच कोअरनिहाय ठेवलेल्या असतात. एकूण आकडा हवा असेल तेव्हा मात्र सगळीकडे फिरून बेरीज करावी लागते.

पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो याच दिशेने खूप पुढे गेलेला होता. त्यातल्या प्रत्येक प्रोसेसरला, म्हणजे ट्रान्सप्युटरला, स्वतःची स्मृती होती. सामायिक असं पानच नव्हतं. शेजाऱ्याची माहिती हवी तर निरोप पाठवून मागवायची. ओढाताण संपली, पण माहितीची वाटणी कशी करायची याचा सगळा विचार प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आला. मला तो विचार आजही मोलाचा वाटतो.

मात्र समजा, देवगिरी एक्स्प्रेसचा एकच बर्थ उरलाय आणि तो एकाच क्षणी एकजण संभाजीनगरहून मागतोय, दुसरा जालन्याहून. उरलेल्या बर्थचा हा आकडा आठ ठिकाणी वाटून ठेवता येत नाही. तिथे लॉक लागतंच. ते कमीत कमी वेळ कसं धरायचं, ते पुढच्या आठवड्यात.