विश्लेषण : पालक नाही, कोबी नाही... मग ‘पाक चॉय’ घरी शिजवायची कशी?

मीरा रोड-भाईंदरच्या सुपरमार्केटमध्ये किंवा किराणा मागवण्याच्या अ‍ॅपवर ब्रोकोली, झुकिनीच्या शेजारी पांढऱ्या जाड देठांची एक हिरवीगार जुडी दिसते. तिचे नाव ‘पाक चॉय’. तिलाच ‘बोक चॉय’ही म्हणतात. हौसेने आणलेली ही भाजी अनेकदा पालकासारखी शिजवली जाते आणि ताटात पाणी सुटलेला लगदा येतो. असे का होते आणि ती कोणी जपून खावी, जाणून घेऊया.

ही भाजी नेमकी कोणती?

पाक चॉय मूळची चीनची. कँटोनीज भाषेत या नावाचा अर्थ ‘पांढरी भाजी’. ती मोहरीच्या कुळातली असून शास्त्रीयदृष्ट्या कोबीपेक्षा सलगमला जवळची आहे. म्हणूनच कच्च्या देठाला किंचित मोहरीसारखी झणझणीत चव असते.

पालकापेक्षा वेगळे काय?

१०० ग्रॅम पालक आणि तेवढ्याच पाक चॉयमध्ये कॅल्शियम जवळपास सारखेच, म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम असते. मात्र पालकातील ऑक्झलेटमुळे त्यातले जेमतेम ५ टक्के शरीराला मिळते. पाक चॉयमध्ये ऑक्झलेट कमी असल्याने सुमारे निम्मे कॅल्शियम शोषले जाते. दूध न घेणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

निवडायची आणि धुवायची कशी?

देठ कडक आणि पाने तजेलदार असलेली जुडी घ्या. न धुता, कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. देठांच्या बेचक्यात माती आणि किडे दडलेले असतात. त्यामुळे बुडखा कापून प्रत्येक देठ सुटा करा. जुडी लहान असेल तर उभे दोन भाग करा.

पाणी ठरावीक वेळेलाच येणाऱ्या सोसायट्यांमध्ये नळ सोडून भाजी धुणे परवडत नाही. त्याऐवजी मोठ्या पातेल्यात पाने पाच मिनिटे बुडवून ठेवा. माती तळाशी बसली की पाने वरून उचलून घ्या. पातेले तिरके करून पाणी ओतले, तर बसलेली माती पुन्हा पानांवर येते. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला. हे पाणी कुंड्यांना घालता येते. भाजी साबणाने मात्र धुवू नका.

लगदा का होतो?

या भाजीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. ओली भाजी कढईत घातली, किंवा एकाच वेळी भरपूर घातली, की कढईचे तापमान उतरते. मग भाजी परतली न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजते. झाकण ठेवले तर वाफेचे पाणी आणखी वाढते. दुसरी अडचण म्हणजे देठाला शिजायला पानापेक्षा जास्त वेळ लागतो.

उपाय सोपा आहे :

- भाजी स्वच्छ कापडावर पसरून कोरडी करा. देठ आणि पाने वेगळी चिरा.
- मोठ्या आचेवर तेल तापवून ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परता.
- आधी देठ घालून दोन-तीन मिनिटे परता. मग पाने घालून जेमतेम एक मिनिट.
- झाकण नको. मीठ शेवटी घाला. सोया सॉस वापरल्यास मीठ कमी करा.

मराठी चव हवी असेल तर मोहरी-हिंगाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ आणि ओले खोबरे घाला. डाळ मात्र आधी शिजवून घ्या. भाईंदरमध्ये जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना लसणाऐवजी जिरे, हिंग आणि मिरपूड वापरता येईल. चातुर्मासात अनेक जैन घरांत पालेभाजी वर्ज्य असते, तेव्हा पाहुण्यांसाठी बेत आखताना आधी विचारलेले बरे.

कोणी जपून खावी?

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी. पाक चॉयमधील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलू शकतो. त्यामुळे पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये आणि डॉक्टरांना विचारावे.

थायरॉइडचे काय? ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१० साली ८८ वर्षांच्या एका महिलेची नोंद प्रसिद्ध झाली. मधुमेह आटोक्यात राहील या समजुतीने त्या अनेक महिने रोज १ ते १.५ किलो कच्ची पाक चॉय खात होत्या. त्यांच्या थायरॉइडचे काम धोकादायकरीत्या मंदावले. शिजवल्याने याला कारणीभूत ठरणारे एन्झाइम बऱ्याच अंशी निष्क्रिय होते. त्यामुळे ताटातील वाटीभर शिजवलेल्या भाजीची धास्ती नको. मात्र आरोग्यासाठी म्हणून तिचा कच्चा रस रोज पिण्याचा प्रयोग टाळावा.