माळ्यावरच्या कॅसेटी वाचवायच्या, तर आधी यंत्र नीट निवडा

प्रतिनिधी

घर रंगवायला काढले किंवा पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करायची वेळ आली, की माळ्यावरून एक खोके हमखास खाली येते. 'मुंज', 'ताईचे लग्न', 'गणपती' अशा चिठ्ठ्या डकवलेल्या व्हिडिओ कॅसेटी त्यात असतात. आज हयात नसलेल्या आजोबांचा चालता-बोलता आवाज कदाचित त्यातल्याच एखाद्या कॅसेटमध्ये असतो. पण ती लावायची कशावर, हा प्रश्न पडतो आणि खोके पुन्हा माळ्यावर जाते.

यापुढे असा चालढकलपणा परवडणारा नाही. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेली व्हीएचएस पद्धत आपल्याकडे १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांनंतर, रंगीत दूरचित्रवाणीच्या पाठोपाठ घरोघरी पोहोचली. मात्र व्हीसीआरची अखेरची ज्ञात उत्पादक असलेल्या जपानच्याच फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चुंबकीय फितींवरील ठेवा नष्ट होण्याचा इशारा युनेस्कोने २०१९ मध्ये ध्वनी-दृक्श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह दिला. फीत जुनी होत आहे आणि ती वाचणारी यंत्रे संपत आहेत, असे हे दुहेरी संकट आहे.

आधी कॅसेट ओळखा

यंत्राची निवड कॅसेटवर अवलंबून असते. पुस्तकाएवढी मोठी कॅसेट बहुधा व्हीएचएस असते. ऑडिओ कॅसेटच्या आकाराची, पण किंचित जाड असेल, तर ती हँडीकॅमची व्हिडिओ-८, हाय-८ किंवा डिजिटल-८ असते. काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट १९९५ मध्ये आलेल्या मिनी-डीव्हीची.

दुसरा प्रश्न प्रसारण पद्धतीचा. भारतात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रचौकटी असलेली 'पाल' पद्धत होती. अमेरिकेत ५२५ रेषांची 'एनटीएससी'. न्यू जर्सीतल्या मावशीने पाठवलेली कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसत नसे, याचे कारण हेच. तशा कॅसेटी असतील, तर दोन्ही पद्धती चालवणारे 'मल्टिसिस्टिम' यंत्रच शोधावे.

खर्च व्हीसीआरवर करा

अनेक जण प्रथम संगणकाला जोडायचे स्वस्त उपकरण विकत घेतात आणि व्हीसीआर कोणाकडून तरी मागून आणतात. प्राधान्यक्रम नेमका उलटा हवा. फितीवरून जे नीट वाचलेच गेले नाही, ते पुढचे कोणतेही उपकरण किंवा सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

शक्य असल्यास एस-व्हीएचएस यंत्र घ्यावे. साध्या व्हीएचएस कॅसेटी त्यावर चालतातच, शिवाय त्याला 'एस-व्हिडिओ' जोडणी असते. व्हीएचएस फितीवर प्रकाश आणि रंग यांचे संकेत वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या पिनेच्या केबलमध्ये ते एकत्र होतात आणि पुढे पुन्हा वेगळे करावे लागतात; त्यात कडांवर रंग सांडतो. एस-व्हिडिओ केबल हे दोन्ही संकेत वेगळेच ठेवते.

दुसरी पाहण्याजोगी सोय म्हणजे 'टाइम बेस करेक्टर', अर्थात टीबीसी. जुनी, ताणलेली फीत एकसारख्या गतीने वाचली जात नाही. परिणामी चित्रातील उभ्या रेषा थरथरतात, दाराची चौकट नागमोडी दिसते. टीबीसी प्रत्येक रेषा क्षणभर साठवून योग्य वेळी पुढे पाठवतो. जेव्हीसी आणि पॅनासोनिकच्या काही एस-व्हीएचएस यंत्रांत ही सोय अंतर्भूत होती.

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा चोरबाजार, पुण्यात तपकीर गल्ली किंवा जुना बाजार येथे शोध घेता येईल. मात्र चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि चाचणीसाठी घरची एकुलती एक लग्नाची कॅसेट नेऊ नये. बिनमहत्त्वाची कॅसेट लावावी, पुढे-मागे फिरवावी आणि बाहेर काढून फितीला सुरकुती पडली नाही ना, हे पाहावे.

हँडीकॅमच्या कॅसेटींसाठी वेगळा मार्ग आहे. सोनीचे अनेक डिजिटल-८ कॅमेरे जुन्या व्हिडिओ-८ व हाय-८ कॅसेटीही वाचतात आणि 'फायरवायर' केबलमधून डिजिटल संकेत देतात. मिनी-डीव्हीवरील चित्रण तर मुळात डिजिटलच आहे. ते फायरवायरनेच उतरवावे. पिवळ्या पिनेतून घेतल्यास हाती असलेला दर्जा विनाकारण घटतो. नव्या संगणकांना फायरवायरची खाच नसते. त्यासाठी डेस्कटॉपमध्ये कार्ड बसवावे किंवा ती खाच असलेला जुना लॅपटॉप वापरावा.

संगणकाशी जोडणी

व्हीएचएससाठी यूएसबी कॅप्चर उपकरण लागते. त्याला एस-व्हिडिओची खाच आहे का, ते 'पाल'चे पूर्ण ७२० बाय ५७६ चित्र देते का आणि आपल्या संगणकावर चालते का, या तीन गोष्टी खरेदीपूर्वी तपासाव्यात. चित्र थेट एचडीएमआयमध्ये 'मोठे' करून देणाऱ्या स्वस्त डब्यांपासून सावध राहावे. त्यातले बरेच डबे चौकोनी चित्र रुंद ताणतात आणि हालचालीत दातेरी कडा कायमच्या कोरून ठेवतात. व्हीएचएसमध्ये जेवढा तपशील आहे, त्याहून अधिक कोणताही डबा निर्माण करू शकत नाही.

साठवणुकीचा हिशेबही आधीच करावा. 'पाल' चित्रण कोणतेही संक्षेपण न करता साठवल्यास तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. 'हफवाययूव्ही' किंवा 'एफएफव्ही-१' या दर्जा न घटवणाऱ्या पद्धतींत ती निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होते. मिनी-डीव्हीला तासाला सुमारे १३ जीबी लागतात. मूळ प्रत अशी सांभाळावी आणि नातेवाइकांना पाठवण्यासाठी एच-२६४ मधील लहान प्रत वेगळी काढावी.

कॅसेट घालण्यापूर्वी

व्हीएचएस कॅसेटच्या कण्यावरील प्लॅस्टिकचा छोटा तुकडा आधी मोडावा. मग चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले, तरी चित्रण पुसले जाणार नाही. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसल्यास ती बुरशी असू शकते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत हे नेहमीचेच. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. यंत्राचे हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटींनाही लागते. ती स्वच्छतेचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाकडेच द्यावी.

चार-पाचच कॅसेटी असतील, तर एवढी यंत्रसामग्री घेण्यापेक्षा व्यावसायिकाकडे जाणेच हिताचे. मात्र, 'डीव्हीडी करून द्या' एवढेच सांगून थांबू नये. कोणते यंत्र वापरता, टीबीसी आहे का, मूळ दर्जाची फाइल मिळेल का, हे विचारावे. पंचवीस-तीस कॅसेटी असतील, तर स्वतःची यंत्रे घेणे परवडू शकते. काम झाल्यावर ती विकताही येतात. कॅसेट तेवढ्याच वेळात उतरते, जेवढ्या वेळाची ती आहे. तीन तासांच्या लग्नाला तीन तास द्यावेच लागतात.

काम झाल्यावर फाइलच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर ठेवावी. मूळ कॅसेट लगेच टाकून देऊ नये. आणि चित्रण उतरत असताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे. पंगतीत वाढणारी ती बाई कोण, हे सांगू शकणारी माणसेही कॅसेटींइतकीच जपायला हवीत.