श्रीलंकेच्या अरण्यांत पक्ष्यांच्या शोधात

श्रीलंका म्हटले की आपल्या व्यापारी मंडळींना रत्ने, दालचिनी आणि चहा आठवतो. परंतु या बेटाची खरी ठेव तेथील पर्जन्यवनांत आणि डोंगरमाथ्यांवर आहे. जगात अन्यत्र कोठेही न आढळणारे तीसहून अधिक पक्षी येथे आहेत. त्यांतील बहुतेक नैर्ऋत्येकडील सखल अरण्ये व मध्यवर्ती पहाड एवढ्याच टापूत भेटतात. सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी केवळ त्यांच्यासाठी आठ दिवसांचा प्रवास केला.

पहिला मुक्काम सिंहराजा अरण्यात होता. १९८८ मध्ये ते जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाले. येथे बराच वेळ एकही पक्षी दिसत नाही आणि मग एकाएकी तीस-चाळीस पक्ष्यांचा संमिश्र थवा झाडाझाडांतून सरकत येतो. नारिंगी चोचीचे सातभाई हा या थव्याचा कणा. ते पाने धुंडाळत पुढे जातात आणि त्यामुळे उडालेले कीटक तुरेवाला कोतवाल टिपतो. शिकारी पक्षी दिसताच धोक्याची हाक देण्याचे काम मात्र त्याचेच. तो इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करून त्यांना थव्यात बोलावतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. याच थव्यात लाल चेहऱ्याचा मलकोहा आणि कधी गर्द निळा मॅगपायही दिसतो. लेखी कराराविना चाललेली ही भागीदारी पाहून मन थक्क होते.

हे अरण्य आज उभे आहे, त्यामागे एक निर्णय आहे. १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी येथे यंत्रांनी वृक्षतोड सुरू झाली होती. जनमताच्या रेट्यामुळे १९७७ मध्ये ती थांबवण्यात आली. पुढे १९९५ मध्ये दीपल वारकागोडा या पक्षितज्ज्ञांनी या पट्ट्यातील अरण्यात रात्री एक अनोळखी हाक ऐकली. तिचा धनी २००१ मध्ये दृष्टीस पडला. ते विज्ञानाला अज्ञात असलेले एक लहानसे तांबूस घुबड होते. १८६८ नंतर श्रीलंकेत सापडलेला हा पहिलाच नवा पक्षी! वृक्षतोड तशीच चालू राहिली असती, तर जिची मोजदादही झाली नव्हती अशी ठेव आपण परस्पर मोडून बसलो असतो.

तेथून वर चढून नुवारा एलिया या थंड हवेच्या गावी आलो. ब्रिटिश काळात या पहाडांतील अरण्ये कॉफीसाठी तोडली गेली. १८६९ पासून पानांवरील रोगाने कॉफी बुडाली आणि तिच्या जागी चहा आला. पिके बदलली, अरण्य मात्र परतले नाही. तरीही गावातील व्हिक्टोरिया उद्यानात हिवाळ्यात काश्मीरकडील माशीमार पक्षी मुक्कामास येतो. जवळच २,१०० मीटरांहून उंच हॉर्टन प्लेन्स हे पठार आहे. महावेली, केलानी व वळवे या नद्यांचे पाणी याच परिसरातून उगम पावते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर अरण्य हे मुद्दल आणि पाणी हे त्याचे व्याज. मुद्दलास हात लावला की व्याज आपोआप आटते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना. जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा. तेथे नारळाच्या चटणीत आणि भाज्यांतही सुक्या माशांचा चुरा घालण्याची पद्धत आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी आधीच स्पष्ट सांगावे. वरण, भात, इडिअप्पम व फळे मुबलक मिळतात. सिंहराजात जळवा फार. त्यांच्यावर मीठ टाकण्यापेक्षा गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घालावेत, म्हणजे त्यांना इजा नाही आणि आपल्यालाही त्रास नाही. पक्षी जवळ यावा म्हणून ध्वनिमुद्रित हाक वाजवू देऊ नये. तिच्यामुळे घरट्यावरचा पक्षी विचलित होतो.

नातवंडे बरोबर असतील तर त्यांच्या हाती दुर्बीण आणि एक कोरी वही द्यावी. ज्या पक्ष्याचे नाव आपण स्वतः वहीत लिहिले, त्याचे अरण्य टिकावे असे मनापासून वाटू लागते.